आयसीयूतली पिवळी दोरी

६ जानेवारी, सोमवार

व्हेंटिलेटर विकणाऱ्या कंपनीने नेहमीप्रमाणे डायरी पाठवली. आजवर अशा डायऱ्या मी सिस्टर मंडळींना वाटून टाकायचो, त्यांची पोरं त्यात चित्रं काढायची. यंदा एक ठेवून घेतली. आज दुपारी अडीच ते चार मला काही काम नव्हतं, आणि असं गेल्या बावीस वर्षांत कधी घडलेलं नाही.

एक तारखेपासून मी या हॉस्पिटलचा सीईओ आहे. त्याआधी बावीस वर्षं सर्जन. कारखान्यात प्रेसखाली सापडलेले, क्रेनवरून पडलेले, हायवेवर ट्रकने उडवलेले, सगळे माझ्याकडे यायचे आणि ऑपरेशननंतर आयसीयूत गेल्यावरही माझेच असायचे. आता आयसीयू प्राजक्ताकडे. डॉ. प्राजक्ता नऊ वर्षं माझ्या हाताखाली तयार झाली आहे. हुशार आहे, पण निर्णय घेताना जरा मागे-पुढे करते. येईल हळूहळू.

आमचे अध्यक्ष मारुतराव मोशीचेच. ही इमारत त्यांच्याच रानात उभी आहे. चाकणला दुसरं हॉस्पिटल काढायची त्यांची तयारी आहे, पण अट घातली. म्हणाले, "डॉक्टर, हितला आयसीयू तुमच्याबिगर चालतोय का, ते वरीसभर बघू. चालला तर चाकण. न्हाई चालला तर तुमी परत खाली, आन् चाकण ऱ्हायलं." चाकणच्या चौकात अँब्युलन्स अडकून किती जण माझ्यापर्यंत पोचलेच नाहीत, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? मी ताबडतोब हो म्हणालो.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजी पेशंटला हात न्हाई लावायचा?"

"नाही."

"मंग दवाखान्यात जाऊन करतूस काय?"

म्हटलं, बैठका. "त्या तर तुझा बाप पन पारावर बसून घ्यायचा," म्हणाली आणि भाजी निवडत बसली.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ द्यायला म्हणून दुसऱ्या मजल्यावर आयसीयूत गेलो, तो पाऊण तास तिथेच. सहा नंबरच्या पेशंटचं पोट फुगलं होतं. प्राजक्ता बघतच होती, पण मी होतो म्हणून दोन गोष्टी सुचवल्या. सगळ्यांना बरं वाटलं. सिस्टर योगिनी तर म्हणाली, "सर, तुम्ही आलाव की कसं मोकळं वाटतंय." योगिनी लातूरकडची, सहा वर्षं आयसीयूत आहे. कमी बोलते, काम चोख.

ठरवलं आहे, रोज संध्याकाळी पाचला एक फेरी मारायची. फक्त बघायला. एकदम तोडून टाकणं बरं नाही, त्यांनाही जड जाईल.

२३ जानेवारी, गुरुवार

पाचची फेरी आता सगळ्यांच्या अंगवळणी पडली आहे. आज तीन नंबरचा पेशंट दुपारीच व्हेंटिलेटरवरून काढण्यासारखा झाला होता. तरी सगळे माझ्यासाठी थांबले. मी बघितलं, मान हलवली, मग नळी काढली. जाताना प्राजक्ताला म्हटलं, "अगं, हे तू दुपारीच करायला हवं होतंस." ती म्हणाली, "हो सर." जरा दमलेली दिसते.

तिच्यावर विश्वास टाकायला हवा हे मला कळतं. पण विश्वास टाकायचा म्हणजे डोळे मिटायचे असं थोडंच आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

चाकणला एका मोटारीच्या कारखान्यात गेलो होतो. त्यांच्या कामगारांच्या तपासणीची बोलणी चालली आहेत. काम अर्ध्या तासाचं, पण त्यांनी कारखाना दाखवला आणि मी दोन तास रमलो. गाड्यांचे सांगाडे संथपणे पुढे सरकत असतात, आणि त्यांच्या वरून या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पिवळी दोरी गेलेली आहे. कपडे वाळत घालायची असावी तशी.

लाइनचा लीडर नवनाथ म्हणून एक चुणचुणीत माणूस आहे. त्याने सांगितलं, "साहेब, कायबी चुकीचं दिसलं की दोरी ओढायची. नट ढिला असो, रंगात खडा असो. लाइन थांबते."

"कोण ओढू शकतं?"

"कोणीबी. कालचा आलेला टेम्पररी पोरगाबी. मोठ्या साहेबाचा हात चुकत असला तरीबी."

"मग तुम्ही काय करता?"

"धावत जायचं आन् पयलं थँक्यू म्हणायचं. मंग विचारायचं, काय दिसलं. खोटी ओढली असली तरी थँक्यू. नियमच हाय तसा."

परत येताना गाडीत दुसरं काही सुचलं नाही. आमच्याकडे हेच हवं आहे! नवीन डॉक्टरांच्या चुका सिस्टरांना दिसतात आणि त्या मूग गिळून गप्प बसतात. आयसीयूत अशी दोरी बांधायची. सीईओ झाल्याचा पहिल्यांदा आनंद झाला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दोरी बसली. बाराही खाटांच्या मागच्या भिंतीला लावून पिवळी नायलॉनची दोरी, टोकाला घंटा. ज्ञानदेव इलेक्ट्रिशियनने तीन दिवसांत काम केलं आणि स्वतः चार वेळा ओढून बघितली.

नियम मी लिहिले, मराठीत, मोठ्या अक्षरांत. कोणीही ओढावी, डॉक्टर, सिस्टर, मावशी, कोणीही. घंटा वाजली की हातातलं थांबवायचं. ज्येष्ठ डॉक्टरने आधी आभार मानायचे, मग विचारायचं, काय दिसलं. ओढणाऱ्याला कोणी रागावणार नाही.

सगळ्यांना गोळा करून समजावून सांगितलं. छान बोललो, असं मला वाटलं. शेवटी प्राजक्ताने विचारलं, "सर, तुमच्यासाठीसुद्धा?"

"अर्थात," मी म्हणालो. "पण मी असणार कुठे? मी तर वर."

दोन-तीन सिस्टर खाली बघून हसल्या. मीही हसलो. वातावरण मोकळं होतं.

३ मार्च, सोमवार

दोन आठवडे झाले, दोरी एकदाही ओढली गेली नाही. मारुतरावांना कळवलं की विभागात एकही चूक नाही. ते म्हणाले, "चांगलं हाय. आन् तुमी खाली किती जाता?" मी म्हटलं, रोज पंधरा मिनिटं.

एका गोष्टीने मात्र मन खट्टू झालं आहे. प्राजक्ताला पुण्याच्या एका हॉस्पिटलने बोलावलं आहे, हे बाहेरून कळलं. तिला विचारलं तर म्हणाली, "अजून ठरवलं नाही सर." तिथे मोठं नाव आहे, मोठं युनिट आहे, तरुण माणसाला मोह होणारच. पण ती गेली तर आयसीयू परत माझ्याच गळ्यात, आणि चाकणचं स्वप्न तिथेच संपलं.

इथे खरं लिहायचं म्हणून लिहितो. ती गेली तर मला परत खाली जावं लागेल, या विचाराने वाईट वाटलं, पण सगळंच वाईट वाटलं नाही. हात शिवशिवतात.

११ मार्च, मंगळवार

आज दुपारी अकरा नंबरला एक तरुण आला. खंडू, वय सत्तावीस, एका छोट्या वर्कशॉपमध्ये कामाला. फोर्कलिफ्टने भिंतीशी दाबला गेला. डाव्या बाजूच्या पाच बरगड्या मोडल्या आहेत, व्हेंटिलेटरवर आहे. प्राजक्ताने नीट सांभाळलं. वाचायला हरकत नाही.

बाहेर त्याची आई सावित्रीबाई बाकावर बसून आहे, आणि जावई शेजारी उभा. बघतो तर कारखान्यातला नवनाथच. खंडू त्याचा मेहुणा. ओळख निघाल्याने त्याला धीर आला. मी त्याला काचेतून आमची दोरी दाखवली.

त्याने विचारलं, "किती येळा ओढली साहेब?"

"एकदाही नाही," मी जरा अभिमानानेच सांगितलं.

तो चाचरत म्हणाला, "रागावू नका. पण आमच्याकडं आठवडा कोरडा गेला तर मॅनेजर लाइनवर येऊन उभा ऱ्हातो. म्हणतो, चुका व्हायच्या थांबल्या नसतील, ओढायचं थांबलंय. लोक कुणाला तरी भ्यायलेत."

हॉस्पिटल म्हणजे कारखाना नव्हे, हे त्याला समजावून सांगितलं. घरचा माणूस आत असताना वाद कशाला घालायचा, म्हणून त्याने मान डोलावली.

१२ मार्च, बुधवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

पाचला फेरीला गेलो. प्राजक्ता दोन नंबरवर होती. मी अकराजवळ पोचलो तेवढ्यात खंडूचा मॉनिटर ओरडायला लागला. ऑक्सिजन नव्वद, शहाऐंशी, ब्याऐंशी. छातीला स्टेथोस्कोप लावला. उजवीकडे श्वास ऐकू येत होता, डावीकडे काहीच नाही. डावीकडच्याच बरगड्या मोडलेल्या. म्हणजे मोडकं हाड फुप्फुसात घुसलं, हवा बाहेर साठली आणि फुप्फुस दाबलं गेलं. असे मी शेकडो बघितले आहेत. अशा वेळी छातीत सुई घालून हवा बाहेर काढायची असते, आणि वाट बघायची नसते. मी सुई मागितली. हातमोजे चढवले. किती दिवसांनी! हात अगदी स्थिर होता.

आणि घंटा वाजली.

वळून बघितलं तर सिस्टर योगिनी. एक हात दोरीवर, दुसऱ्या हाताने खंडूच्या तोंडातली नळी धरलेली. चेहरा पांढराफटक.

मी म्हणालो, "सिस्टर, पेशंट जातोय आणि तुम्ही घंटा वाजवताय?"

"सर, नळी बावीसवर होती. आता सव्वीस दिसायलीय. मघाशी कूस बदलली तवा आत सरकली असंल."

प्राजक्ता धावत आली. तिने वाकून नळीवरचा आकडा वाचला आणि माझ्याकडे न बघता नळी चार सेंटीमीटर बाहेर ओढली. नळी आत सरकून एकट्या उजव्या फुप्फुसात गेली होती, डावीकडे हवा पोचतच नव्हती. फुप्फुस धड होतं. मिनिटाभरात ऑक्सिजन पंचाण्णव. मी सुई घातली असती तर त्या धड फुप्फुसाला मीच भोक पाडलं असतं.

मी "ठीक आहे" म्हणालो, सुई ट्रेमध्ये ठेवली आणि वर आलो. वाचायचा चष्मा इथे टेबलावरच राहिला होता.

१३ मार्च, गुरुवार

सकाळपासून पुस्तकं काढून बसलो. अशा पेशंटमध्ये आधी सुई घालणं अगदीच चूक नाही, असं एका ठिकाणी सापडलं. ते पान मोबाइलच्या कॅमेऱ्यात टिपून प्राजक्ताला पाठवायचं होतं. पाठवलं नाही.

काल डोक्यात एक विचार आला होता, तो इथे कबूल करतो. योगिनीला दुसरीकडे हलवावं असं मला वाटलं होतं. कारणही तयार होतं, सहा वर्षं एकाच विभागात झाली म्हणून. ते कारण किती पटकन सुचलं, याची आज लाज वाटते.

पाचला खाली गेलो नाही. तोंड दाखवायचं धाडस झालं नाही.

१५ मार्च, शनिवार

प्राजक्ता वर आली. दार लावून समोर बसली. नऊ वर्षांत ती माझ्यासमोर अशी टेकून बसलेली मी बघितली नव्हती.

"सर, योगिनीने ओपीडीत बदली मागितली आहे. म्हणते, सरांचा सगळ्यांदेखत अपमान झाला, आता मला इथे तोंड वर करून काम करता येणार नाही."

मी टेबलावरचं पेन उचलून परत ठेवलं.

"तुम्ही आभार मानायचा नियम लिहिला होता. तुम्ही ते न मानता निघून गेलात. त्यानंतर दोरीला कोणी हात लावलेला नाही. मावशी पुसतानासुद्धा ती बाजूला करून पुसतात."

मी विचारलं, "आणि त्याआधी महिनाभर का ओढली नाही?"

"कारण तुम्ही पाचला येता. ज्याला जे विचारायचं ते तो पाचपर्यंत धरून ठेवतो. सकाळी दहाला घ्यायचा निर्णय मी पाचला घेते. कारण मी दहाला घेतला तर पाचला तुम्ही तो सगळ्यांसमोर तपासता. तीन नंबरच्या त्या माणसाच्या घशात नळी तीन तास उगाच राहिली सर. तुमची मान हलायची होती म्हणून."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला भांडता आलं असतं.

"म्हणून तू पुण्याला चाललीस?"

"मला पुण्याला जायचं नाहीये. माझं घर आकुर्डीला आहे, मुलीची शाळा तिथे आहे. मला इथेच आयसीयू चालवायचा आहे. पण तो तुम्ही दिलेलाच नाही."

ती गेल्यावर बराच वेळ खिडकीशी उभा होतो. खाली नाशिक रस्त्यावरून नव्या गाड्या लादलेले कंटेनर जात होते. दुःख झालं. आपण ज्याला माया समजत होतो तो या लोकांच्या डोक्यावरचा भार होता, हे कळणं सोपं नाही. रागही आला, पण तो कोणावर काढावा ते कळेना.

१७ मार्च, सोमवार

दुपारी दोनला, सकाळची शिफ्ट सुटते आणि दुपारची लागते त्या वेळी आयसीयूत गेलो. दोन्ही शिफ्टची माणसं असतात म्हणून मुद्दाम ती वेळ धरली. भाषण करायचं नाही असं ठरवलं होतं.

म्हणालो, "बुधवारी माझी चूक होत होती. सिस्टर योगिनींनी दोरी ओढली, म्हणून खंडूच्या छातीत सुई गेली नाही. मी आभार मानायला हवे होते, ते न मानता निघून गेलो. सिस्टर, थँक्यू."

एक मॉनिटर टिकटिकत होता. योगिनी हातातल्या फाइलकडे बघत होती. मग म्हणाली, "सर, मला वाटलं तुम्ही मला काढताव."

"बदलीचा विचार मनात आला होता," मी सांगून टाकलं. प्राजक्ताने डोळे मोठे केले. पण योगिनी हसली, पहिल्यांदाच मोकळी. "मग बरं झालं, सांगून टाकलाव," म्हणाली. ओपीडीचा अर्ज तिने संध्याकाळी परत घेतला.

जीव भांड्यात पडला. तरी घरी आल्यावर हात अजून त्या सुईच्याच आठवणीत होते. हे एका दिवसात जाणार नाही.

२० मार्च, गुरुवार

मार्चअखेर. कोणत्या डॉक्टरने कोणकोणती कामं स्वतःच्या हाताने करायची, त्याची नवी यादी माझ्या सहीसाठी आली. एकोणतीस नावं. एकेक वाचत गेलो. वयाने थकलेल्या एका भूलतज्ज्ञांबद्दल गेल्या वर्षी याच खोलीत मी तावातावाने म्हणालो होतो की माणसाला वेळेवर थांबता यायला पाहिजे.

सतरावं नाव माझं. छातीत नळी टाकणे, श्वासनलिका उघडणे, पोटाची तातडीची ऑपरेशनं. पुढे बारा खुणा, सगळ्या "होय"च्या रकान्यात. तीन महिन्यांत यातलं एकही काम मी केलेलं नाही, आणि जे करायला निघालो होतो ते चुकलं होतं. दुसऱ्या कोणाचा कागद असता तर मी काय केलं असतं, याचं उत्तर शोधावं लागलं नाही.

चष्मा लावला. बाराही खुणा खोडल्या, समोर आद्याक्षरं लिहिली, खाली सही केली. सीईओ म्हणून घेतलेला हा पहिलाच निर्णय, ज्याच्यासाठी मला कोणाला विचारावं लागलं नाही. मग आतून दार लावून थोडा रडलो. इतकी वर्षं सर्जन म्हणूनच स्वतःला ओळखत होतो.

प्राजक्ताला फोन करून सांगितलं की पाचची फेरी बंद. ती म्हणाली, "सर, पुण्याला मी कालच नकार कळवला होता. पण आता बरं वाटलं."

२६ मार्च, बुधवार

आठवड्याभरात दोरी पाच वेळा ओढली गेली. त्यातल्या तीन वेळा काहीच नव्हतं. तरी पाचही वेळा प्राजक्ताने आभार मानले, हे मला मावशींकडून कळलं. मारुतरावांना आकडा सांगितला तर म्हणाले, "पाच चुका?" मी म्हटलं, "नाही, पाच वेळा बोलले." ते पुढच्या आठवड्यात मला घेऊन चाकणची जागा बघायला जाणार आहेत.

आज खंडूची नळी काढायची होती, हे मला ठाऊक होतं. अकराच्या सुमाराला एका फाइलीचं निमित्त करून दुसऱ्या मजल्यावर गेलोच. सवय. दारात योगिनी आडवी आली. "सर, आत प्रोसिजर चालू हाय. भायेर थांबताव का?" अगदी सगळ्या नातेवाइकांना सांगते तशीच.

थांबलो. दाराबाहेरच्या बाकावर सावित्रीबाई एकटीच बसली होती, पदर तोंडाशी धरून. तिने मला ओळखलं आणि घाबरून उठली.

"डॉक्टर, तुम्ही भायेर का थांबलाव? पोराजवळ कोण हाय मग?"

"डॉक्टर आत आहेत," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे नीट निरखून बघितलं. खोटं बोलत नाही अशी खात्री झाल्यावर सरकून बाकावर जागा केली. "मग बसा," म्हणाली. मी बसलो, आणि दार उघडेपर्यंत आम्ही दोघंही बसून राहिलो.